दोघींचं शिकाऊ लायसन्स

लातूरहून मी निगडीला आले ते पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करायला. राहायची सोय तिथल्या प्राधिकरण नावाच्या वसाहतीतल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर झाली होती. खाली घरमालक काका-काकू, वरच्या खोलीत मी आणि एका हॉस्पिटलात नर्स असलेली रत्नागिरीकडची मुलगी. तिच्या ड्युट्या अशा असायच्या की मी उठायचे तेव्हा ती झोपायला आलेली असायची. त्यामुळे आमचं भांडण व्हायला वेळच मिळाला नाही.

प्राधिकरणात नवीन माणूस हमखास हरवतो. सगळे रस्ते सरळ, सगळ्यांवर झाडं, आणि बंगले एकाच्या शेजारी एक असे उभे की वेगळेपण शोधत बसावं. पहिल्याच आठवड्यात मी आमचंच समजून भलतं फाटक उघडलं आणि आत जाऊन चपला काढल्या. झोपाळ्यावर एक आजोबा पेपर वाचत बसले होते. त्यांनी कोण हवंय वगैरे काही विचारलं नाही, आधी बसायला सांगितलं, मग आत पाणी सांगितलं. मी पाणी पिऊन, चूक कबूल करून बाहेर पडले तेव्हा ते म्हणाले की महिन्यातून एखादं तरी असं येतंच, तेवढीच सोबत होते.

बोलण्याचीही गंमत होती. मी वर्गात 'आत्ता येतेय'च्या ऐवजी सहज 'आत्ता येलाले' म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. मग मी पुण्याचं मराठी बोलायला शिकले, पण ते कॉलेजपुरतं. घरी फोन लावला की आई विचारायची, "काय करलालीस? जेवलीस का?" आणि माझीही गाडी रुळावर यायची. काकूंपुढे मात्र मला कधी सावरून बोलावं लागलं नाही. त्या मावळातल्या. लग्न होऊन शहरात आल्याला उभा जन्म झाला, पण 'व्हय', 'न्हाई' आणि 'आमी' त्यांनी सोडलं नव्हतं. माझं 'येलाले' ऐकून त्यांनी एकदाच विचारलं, "तुमच्याकडं समदे असंच बोलत्यात?" मी हो म्हटलं. "ग्वाड हाय," म्हणाल्या आणि पोळी लाटायला लागल्या.

काका गाड्या बनवणाऱ्या कंपनीत तपासणी खात्यात होते. निवृत्त झाले होते, पण तपासणी काही सुटली नव्हती. दुधाची पिशवी, प्लंबरचं काम, वरच्या गच्चीत मी बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं आणि निकाल दोनच शब्दांत लागायचा, ओके किंवा रिजेक्ट. माझी दोरी पहिल्या फेरीत रिजेक्ट झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून ती बांधली, आणि खरं सांगायचं तर ती मी जाईपर्यंत सैल पडली नाही.

दुसऱ्या सत्रात माझा प्रकल्प ठरला. चाकणच्या एका कंपनीत सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा होती, तिथं आठवड्यातून काही दिवस जाऊन पाण्याचे नमुने घ्यायचे. जायला कंपनीची बस होती, पण ती सकाळी लवकर स्पाइन रोडवरच्या एका चौकातून सुटायची, आणि आमच्या घरापासून त्या चौकापर्यंत त्या वेळी रिक्षा मिळायची नाही. पहिल्या दिवशी मी चालत निघाले आणि बसची पाठ बघून परत आले. काकूंनी ते काकांना सांगितलं असावं. कारण रविवारी सकाळी काकांनी मला पोर्चमध्ये बोलावलं आणि कोपऱ्यातली जुनी चादर ओढून काढली.

खाली स्कूटर होती. त्यांच्या मुलीची. ती लग्न होऊन बंगळूरला गेल्यापासून स्कूटर तिथंच उभी होती. काका दर रविवारी ती चालू करायचे, थोडा वेळ इंजिन फिरू द्यायचे, बंद करायचे आणि पुन्हा चादर घालायचे. मला तो आवाज ओळखीचा होता, पण मला वाटायचं शेजाऱ्यांचा जनरेटर असेल. काका म्हणाले की चौकापर्यंत ही घेऊन जात जा, बंद ठेवून ठेवून तीही खराब होते.

मी म्हटलं, मला येत नाही. आमच्या घरी गाडी भाऊ चालवतो, मी मागं बसते. हे ऐकून काकांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. उलट त्यांचा चेहरा एकदम उजळला. कित्येक वर्षांनी त्यांच्या हाताखाली कुणीतरी आलं होतं.

पुढचे काही दिवस शिकवणी पोर्चमध्येच चालली. काकांनी फरशीवर खडूनं चौक काढला, वळण काढलं, बाण काढले. ब्रेक कसा लागतो, पुढचा आणि मागचा यांत फरक काय, टायरची हवा कमी असली तर काय होतं, हे सगळं मला समजावून दिलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलंही. किल्ली मात्र त्यांच्या खिशात. मी स्टँडवर उभ्या असलेल्या स्कूटरवर बसून डावीकडं वळायचे, उजवीकडं वळायचे, आरशात बघायचे. समोरच्या घरातल्या बाई येता-जाता थबकून बघायच्या. शेवटी काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या, "अवो, पोरीची परीक्षा आल्यावर किल्ली देणार हाय का?"

त्या दिवशी आम्ही बाहेर पडलो. आमच्या मागच्या गल्लीत एक मोकळा प्लॉट होता आणि त्याच्या कडेनं एक सरळ रस्ता. सकाळी तिथं फिरायला येणारी चार डोकी सोडली तर कुणी नसायचं. काकांनी मागून स्कूटर धरली. मी मूठ पिळली, ती जरा जास्त पिळली गेली, आणि काकांच्या हातातून स्कूटर सुटून मला घेऊन थेट बोगनवेलीच्या कुंपणात शिरली. बोगनवेलीला काटे असतात हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. नर्सबाईंनी संध्याकाळी कोपराला औषध लावलं. याहून मोठं काही होईस्तोवर आपल्याला उठवायचं नाही, असं बजावून त्या झोपल्या.

हळूहळू जमायला लागलं. बसच्या दिवशी लायसन्स मिळेपर्यंत काकाच मला आपल्या गाडीवरून चौकात सोडायचे. काकूही आमच्याबरोबर यायला लागल्या होत्या. हातात पाण्याची बाटली, कडेच्या कट्ट्यावर बसायचं, मी गेले की मान तिकडं, आले की इकडं. मला वाटायचं, माझ्या काळजीनं येतात.

एके दिवशी काका रक्त तपासायला लॅबमध्ये गेले होते म्हणून आम्ही दोघीच गेलो. मी दोन-तीन चकरा मारून थांबले, तर काकू उठून जवळ आल्या.

"जरा बाजूला हो," त्या म्हणाल्या. "मला बसून बघू दे."

मी उतरले. त्यांनी पदर कमरेला खोचला, साडी आवरली आणि बसल्या. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले. हँडल धरून बराच वेळ समोर बघत राहिल्या. मी मूठ कशी पिळायची ते सांगायला लागले, तशी त्यांनी मला थांबवलं.

"आधी थांबवायची कशी तेवढं सांग."

मी ब्रेक दाखवले. त्यांनी ते दाबून पाहिले, सोडून पाहिले, पुन्हा दाबून पाहिले. मग पायांनीच ढकलत थोडं पुढं गेल्या आणि ब्रेक लावून थांबल्या. असं पुष्कळदा केल्यावर त्यांनी किल्ली मागितली. स्कूटर इतकी सावकाश निघाली की मी शेजारून चालत होते. मग मला पळावं लागलं, आणि मग मी मागं पडले. काकू रस्त्याच्या टोकाच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत गेल्या. तिथं वळायचं कसं ते ठाऊक नव्हतं. त्या शांतपणे उतरल्या, स्कूटर हातानं फिरवून तोंड इकडं केलं, पुन्हा बसल्या आणि परत आल्या.

त्यांचा श्वास फुलला होता. कट्ट्यावर बसून पाणी प्यायल्यावर त्यांनी सांगितलं की लहानपणी गावाकडं त्या भावाची सायकल चालवायच्या. सीटवरून पाय पुरायचे नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून. सकाळी दुधाचा कॅन डेअरीवर नेऊन द्यायच्या. मग पदर आला, लग्न झालं, आणि सायकल राहिली ती राहिलीच. लग्नानंतर कुठंही जायचं तर काकांच्या मागं बसून.

"ह्यांना आत्ता काय सांगू नको," उठताना त्या म्हणाल्या.

मग आमचं असं सुरू झालं. काका फिरायच्या मंडळींबरोबर दुर्गा टेकडीवर गेले की आम्ही दोघी प्लॉटकडं. आता मी मास्तरीण होते. काकांनी मला शिकवलेलं सगळं मी काकूंना तसंच्या तसं सांगायचे, आणि त्यातलं निम्मं त्या कानाआड करून आपल्या पद्धतीनं करायच्या. त्यांचं वळण माझ्यापेक्षा चांगलं झालं. मी वळताना घाबरून पाय खाली टाकायचे. त्या घाबरल्या तरी टाकायच्या नाहीत.

पण तपासणी खात्यातल्या माणसापासून किती दिवस लपणार. एका सकाळी काकांनी स्कूटर पुसता पुसता मला हाक मारली आणि विचारलं की आरसा कुणी हलवला. मी उंच आहे, काकू बुटक्या. आरसा त्यांच्या उंचीला लावलेला होता. मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला.

"मी."

काका फडकं हातात घेऊन तसेच उभे राहिले. काकू हात पुसत बाहेर आल्या. मग काकांनी विचारलं, तुला कशाला पाहिजे, कुठं जायचं असतं तुला, मी आहे ना न्यायला.

काकूंनी सांगितलं की त्यांना पिंपरीच्या मंडईत एकटीनं भाजी आणायची आहे. इतकी वर्षं काका बरोबर असतात, प्रत्येक भेंडी मोडून बघतात, प्रत्येक वांगं उजेडात धरतात, आणि भाजीवाल्या त्यांना बघितलं की तोंड फिरवतात. "मला एकदा माझ्या मनानं दोडका घ्यायचाय," त्या म्हणाल्या. "वाईट निघाला तर निघाला."

मला हसू येत होतं, पण त्या हसत नव्हत्या, म्हणून मीही हसले नाही. काका आत गेले. आता काही खरं नाही असं मला वाटलं. ते पुन्हा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मुलीचं जुनं हेल्मेट होतं. त्यांनी ते काकूंच्या डोक्यावर ठेवलं, पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाले, "साडीवर नाही चालणार. ड्रेस घ्यावा लागेल."

काकूंनी जन्मात पंजाबी ड्रेस घातला नव्हता. आम्ही तिघं बसनं पिंपरी कॅम्पाच्या बाजारात गेलो. काका दुकानाबाहेर उभे राहिले, त्यांना आत यायला काकूंनी बंदी केली होती. दुकानदार मुसलमान चाचा होते, वयानं काकांएवढेच. कुणासाठी पाहिजे म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. काकूंनी स्वतःकडं बोट दाखवलं आणि स्कूटर शिकतेय असंही सांगून टाकलं. चाचांनी वरच्या फळीवरचे गठ्ठे उतरवायला लावले आणि म्हणाले की मग घेरदार नको, चाकात जातं, ओढणी तर घेऊच नका. काकूंनी एक जांभळा घेतला, एक करडा. घरी येऊन जांभळा घालून त्या आरशापुढं उभ्या राहिल्या, तेव्हा काका पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान मात्र बराच वेळ उलटलं गेलं नाही.

शिकाऊ लायसन्स आम्ही दोघींनी बरोबरच काढलं. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेलाही बरोबर गेलो. रांगेत सगळी कॉलेजची पोरं, मधे मी आणि माझ्यामागं जांभळ्या ड्रेसातल्या काकू. एका पोरानं त्यांना विचारलं की काकू, तुम्ही सोबत आलात का. त्यांनी त्याला आपला कागद दाखवला. मी पास झाले. काकूंचा आठच्या आकड्याच्या शेवटच्या वळणावर पाय टेकला. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी आल्यावर त्यांनी हेल्मेट खुंटीला लावलं आणि भात टाकायला गेल्या. जेवताना काका त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "आमच्याकडं पार्ट जरासा चुकला तर फेकून नाही द्यायचो. रिवर्कला पाठवायचो. तिथून येतो तो चांगला येतो." काकूंनी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. पुढच्या पहाटेपासून काका स्वतः प्लॉटवर खडूनं मोठा आठ काढायला लागले. दुसऱ्या खेपेला काकू पास झाल्या.

त्या पहिल्यांदा एकट्या मंडईत गेल्या तो दिवस मला नीट आठवतो, कारण मला सुट्टी होती आणि काकांना सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. मागं यायचं नाही, फोन करायचा नाही, असं काकू त्यांना बजावून गेल्या होत्या. काका फाटकाशी उभे राहिले. मी चहा करून नेला, तो त्यांनी उभ्यानंच घेतला. निगडीपर्यंतच्या मेट्रोसाठी हायवेवर खोदकाम चालू होतं. त्यामुळं रस्ता कुठं अरुंद झालाय आणि कुठं पत्रे लावलेत हे ते मला सांगत होते, म्हणजे स्वतःलाच सांगत होते. मी म्हटलं, काका, बसा तरी.

"मी कंपनीच्या बसला जायचो ना," ते म्हणाले, "तेव्हा ही इथं उभी राहायची म्हणे. पोरगी सांगायची. मी कधी मागं वळून बघितलंच नाही."

थोड्या वेळानं कोपऱ्यावर जांभळा ठिपका दिसला, तसे काका गडबडीनं आत जाऊन खुर्चीत बसले. काकूंनी पिशवी ओट्यावर रिकामी केली. दोडक्याला पोक होतं, भेंडी जून होती, कोथिंबीर मात्र फार सुंदर होती. काकांनी येऊन सगळ्यावरून एक नजर फिरवली, भेंडी हातात घेतली आणि न मोडता परत ठेवली. रात्री जेवताना त्यांनी ती भाजी दोनदा मागून घेतली.

माझा प्रकल्प पुरा होत आला तेव्हाची गोष्ट. काकूंची धाकटी बहीण दापोडीला रेल्वेलाइनीजवळ राहते. तिच्याकडं दुपारी हळदीकुंकू होतं. काकू म्हणाल्या, आपण स्कूटरवर जाऊ, तू मागं बस. काकांनी सगळा रस्ता तोंडी समजावला. आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, तिथून डोक्यावर मेट्रो ठेवायची आणि सरळ जायचं, की दापोडी.

पिंपरीपर्यंत सगळं छान झालं. काकू सर्व्हिस रोडच्या डाव्या कडेनं आपल्या चालीनं चालवत होत्या. मागचे हॉर्न वाजवायचे, त्या वाजवू द्यायच्या. नाशिक फाट्याला मात्र आमच्या उजव्या बाजूला एक लांबलचक ट्रेलर आला आणि बाजूला होईना. तो डावीकडं वळला. त्याच्याबरोबर आम्हीही वळलो. मी मागून सांगत होते, पण हेल्मेटमधून त्यांना ऐकू गेलं नाही. रस्ता रुंद होत गेला, ट्रक वाढत गेले. जरा पुढं गेल्यावर काकूंनी मान न वळवता विचारलं, "मेट्रो कुठं गेली?"

मेट्रो दापोडीला गेली होती. आम्ही भोसरीला पोचलो होतो.

काकूंनी एका रसवंतीसमोर स्कूटर घेतली, स्टँडला लावली आणि हेल्मेट काढलं. आता त्या रडतील की काय असं मला वाटलं. त्यांनी चारी बाजूंना नीट बघून घेतलं. "भोसरी किती वर्षांनी बघितली," म्हणाल्या, आणि दोन ग्लास रस सांगितला, आलं-लिंबू घालून. आम्ही बाकावर बसून निवांत प्यायलो. शेजारी कंपनीच्या गणवेशातले दोघं जण ओव्हरटाइमबद्दल बोलत होते. त्यातल्या एकाला काकूंनी दापोडीचा रस्ता विचारला. त्यानं 'मावशी, यू-टर्न मारा' म्हणून हातानं वळण काढून दाखवलं. काकूंनी तसाच हात फिरवून ते पक्कं करून घेतलं.

दापोडीला पोचेपर्यंत निम्म्या बायका हळदीकुंकू घेऊन गेल्या होत्या. बहीण दारातच उभी होती. एवढा उशीर का, भावजी कुठायत, रिक्षानं आलात का, असं तिनं एकामागून एक विचारलं. काकूंनी गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या स्कूटरकडं बोट केलं. बहिणीचा विश्वास बसेना. ती मला विचारायला लागली, खरं सांग, कुणी चालवली. मी सांगितल्यावर तिनं हातातलं हळदीकुंकवाचं तबक माझ्याकडं दिलं.

"मला एक चक्कर मारून आण," ती काकूंना म्हणाली.

काठापदराची साडी सावरत ती मागं एका बाजूला बसली आणि दोन्ही हातांनी काकूंची कंबर धरली. गल्ली अरुंद होती, दोन्हीकडं पाण्याची पिंपं आणि वाळत घातलेले कपडे. उरलेल्या बायका दारात आल्या. काकूंनी आरसा बघितला, हळूच मूठ पिळली, आणि दोघी बहिणी लाइनीच्या भिंतीकडं निघाल्या. पलीकडून लोकल जात होती, म्हणून त्या आपसात काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण बोलत होत्या दोघीही. मी तबक धरून उंबऱ्यात उभी होते. तेवढ्यात एक बाई आत यायला लागल्या आणि माझ्यापुढं थांबल्या. मी त्यांना हळदीकुंकू लावलं.